बी.ए.च्या वर्गात अवघड पुस्तक: वाचायला आणि त्यावर लिहायला कसं शिकवता?

फळ्यामागे (धागाकर्ता)

साताऱ्यातल्या जवळपास प्रत्येक शाळा-कॉलेजच्या भिंतीवर 'विद्येविना मति गेली' रंगवलेलं असतं. माझ्या एस.वाय.च्या, म्हणजे बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या, वर्गाला त्या ओळी तोंडपाठ आहेत. त्या महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातातल्या आहेत आणि पुढे पाच प्रकरणांचं अख्खं पुस्तक आहे, हे मात्र सांगावं लागतं. फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, आमच्याच जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. वर्गात खटावची पोरं बसलेली असतात, त्यांनाही सांगावं लागतं.

मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. असूडातली निवडक पानं वर्गात वाचून घेतो आणि त्यावर लिहून घेतो. माझं म्हणणं थोडक्यात असं की मुलांना अवघड वाचता येत नाही ही तक्रारच लबाडीची आहे. आपण त्यांच्यापुढे अवघड मजकूर ठेवतो कुठे? ठेवतो तो त्या मजकुराचा आपला खुलासा. मुलगी वहीत उतरवते तो खुलासा, परीक्षेत परत करते तोही खुलासाच. पुस्तक ग्रंथालयातून बाहेर यायची गरजच पडत नाही. म्हणून मी आधी समजावून सांगणं बंद केलं. पहिला आठवडा वर्ग चिडतो. "सर, अर्थ सांगा की" हे ऐकत राहावं लागतं.

फुल्यांचं हे गद्य १८८३ सालचं. एक वाक्य सुरू झालं की आठ-दहा ओळी थांबत नाही. मध्ये कंस येतो, 'सबब' येतं, एखादा टोमणा येतो आणि मग गाडी मूळ मुद्द्यावर परतते. डोळ्यांनी वाचणारं पोर तिसऱ्या ओळीत हरवतं. यावर उपाय पुस्तकातच आहे. उपोद्घातात फुले सांगतात की ग्रंथ जसजसा तयार होत गेला तसतसा पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणच्या लोकांनी तो त्यांच्याकडून वाचवून ऐकला. म्हणजे लिहिता लिहिता ऐकवलेलं पुस्तक आहे हे. मग आपणही मोठ्यानेच वाचायचं. एकाने वाचायचं, श्वास तुटेल तिथे थांबायचं, दुसऱ्याने तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. मग तेच वाक्य पुन्हा. दुसऱ्या वाचनात टोमणा कुठला ते आवाजात येतं, आणि वर्ग हसला की समजायचं, वाक्य लागलं.

त्यानंतर प्रत्येकाने मुख्य क्रियापद शोधायचं आणि ते कोण करतंय ते लिहायचं. एवढंच. 'आशय स्पष्ट करा' वगैरे काही नाही. दहा ओळींच्या वाक्यात करणारा कोण हे सापडलं की निम्मं काम झालं. मग तेच वाक्य आपल्या बोलीत, निम्म्या लांबीत. आणि शेवटी एक प्रश्न: हे वाक्य इथे काय करतंय? आरोप करतंय, पुरावा देतंय, टर उडवतंय, की सरकारकडे काही मागतंय?

दुसरी गोष्ट अडलेल्या जागांची वही. घरी वाचताना जिथे अडेल ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, खाली आपला अंदाज लिहायचा, आणि काय माहीत असतं तर अडलं नसतं तेही लिहायचं. 'काहीच समजलं नाही' लिहिलेलं चालत नाही, कारण त्यात ओळ नसते. या वहीला मी अंतर्गत गुण देतो. कोऱ्या वहीला शून्य आणि "मला सगळं समजलं" म्हणणाऱ्यालाही शून्य.

लिहिण्यात मात्र दम निघतो. दहावीपासून हाताला वळण लागलेलं असतं: प्रस्तावना, मुद्दे, समारोप, आणि अधूनमधून 'मोलाचे विचार', 'विदारक चित्रण', 'समाजप्रबोधन'. यावर मी एकच चाचणी लावतो. वाक्यातलं पुस्तकाचं नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाचं घाला. वाक्य तरीही खरं राहत असेल तर खोडा. 'फुल्यांनी शेतकऱ्यांच्या व्यथा प्रभावीपणे मांडल्या आहेत' हे या चाचणीत पहिल्या फटक्यात पडतं. पहिल्या लिखाणात बहुतेकांच्या पानावर फक्त स्वतःचं नाव आणि रोल नंबर उरतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इंग्रजी किंवा समाजशास्त्र शिकवणारे हे कसं करतात? आणि तपासणीचा ढीग कसा आवरता?

---

कंदीपेढा

ही नाव बदलायची चाचणी नेत्यांच्या भाषणांना लावून पाहिली. काहीच उरलं नाही. 😄 पुढे वाचतोय.

---

तासिका_तत्त्व

सर, रागावू नका, पण हे पूर्णवेळ प्राध्यापकाला परवडणारं शिकवणं आहे. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. सकाळी कराडच्या बाजूला एक कॉलेज, दुपारी एस.टी.ने वाळवा तालुक्यात दुसरं. पैसे तासाचे मिळतात, वह्या तपासल्याचे मिळत नाहीत. सेमिस्टर म्हणायला सहा महिन्यांचं. त्यातून ॲडमिशन, गॅदरिंग, इंटर्नल आणि निवडणुकीची कामं वजा करा. पोर्शन संपला नाही तर प्राचार्य विचारतात, वाक्यातला करणारा सापडला का हे कुणी विचारत नाही.

पटावर ऐंशी, हजर पस्तीस, आणि त्यातली निम्मी पोरं पहाटे उसाला पाणी देऊन किंवा रात्री हॉटेलात काम करून आलेली. त्यांना गाइड लागतं कारण त्यांच्याकडे वेळ नाही. मी त्यांना गाइड वापरू नका असं सांगू शकत नाही. मी स्वतः गाइडवर पास झालोय.

आणि मुख्य म्हणजे पेपर. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा, प्रश्न तेच फिरतात. ज्याने तुमच्या पद्धतीने स्वतःचं काही लिहिलं त्याचे गुण गेले तर जबाबदार कोण?

---

फळ्यामागे

तासिका_तत्त्व, वेळेचा मुद्दा पूर्ण मान्य. म्हणूनच सगळं पुस्तक घेत नाही. एका सत्रात सात-आठ पानं, बाकी पोर्शन नेहमीसारखा भरभर. गाइडलाही माझी बंदी नाही. गाइड आधी वाचून या म्हणतो, मग मूळ पान उघडतो आणि गाइडमध्ये नसलेलं काहीतरी पानात शोधायला लावतो. गाइडला हरवायचं म्हटलं की हॉटेलात काम करून आलेलं पोरही जागं होतं.

पेपरबद्दल जे तपासायला जातात त्यांनी सांगावं.

---

उरमोडी

मी जाते तपासायला, सांगते. कॅपच्या (विद्यापीठाच्या केंद्रीय पेपर तपासणीच्या) हॉलमध्ये गठ्ठ्यामागून गठ्ठा फोडताना पंधराव्या उत्तरपत्रिकेपर्यंत डोळे आपोआप पळायला लागतात, कारण पहिला परिच्छेद सगळ्यांचा एकच. मध्येच कुणी मूळ पुस्तकातली ओळ देऊन तिच्यावर दोन वाक्यं स्वतःची लिहिली असतील तर हात थांबतो. मी गुण देते, माझ्या शेजारचेही देतात. पण खोटं कशाला बोलू, मॉडेल आन्सरमध्ये सहा मुद्दे असतात आणि या मुलाने एकच मुद्दा खोल नेलेला असेल तर पूर्ण गुण मिळत नाहीत. मॉडरेशनला, म्हणजे फेरतपासणीला, अडतं. तेव्हा मुलांना दोन्ही शिकवा: मुद्दे मोजून लिहायचे आणि एका मुद्द्यावर थांबायचंही. अन्याय आहे, पण परीक्षा आहे.

---

हळदगाठ

सांगलीहून. मी इंग्रजी शिकवते, बहुतेक मुलं मराठी माध्यमाची. माझा अनुभव डॉ. आंबेडकरांच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'चा, म्हणजे जात मोडण्यावरच्या त्यांच्या छापील भाषणाचा.

आधी पार्श्वभूमी. आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले तो दिवस ७ नोव्हेंबर १९००. तो आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशीच्या निबंध स्पर्धेचे निबंध मी तपासलेत. शंभर निबंध, एक मजकूर. त्यात 'बाबासाहेब काय म्हणाले' असतं, पण 'कशावरून म्हणाले' नसतं. हे पुस्तक तर पहिल्यापासून शेवटपर्यंत 'कशावरून'चंच आहे.

थेट भाषणापासून सुरुवात केली की मुलं बुडतात. म्हणून मी भांडणापासून सुरू करते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या परिषदेला त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मसुदा पाहून मंडळ बिचकलं, काही भाग गाळायला सांगितलं. आंबेडकरांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली आणि त्यांनी भाषण स्वतः छापलं. हा पत्रव्यवहार पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. पत्रातलं इंग्रजी सोपं आहे आणि भांडण कुणाला आवडत नाही! मुलांना विचारते, मंडळाला नेमकं काय खुपलं असेल? अंदाज लिहा. मग भाषणात ती जागा शोधायला जा. आता ती वाचत नसतात, शोधत असतात, आणि अडलेला शब्द सोडून पुढे जायला आपोआप शिकतात.

खरी मजा दुसऱ्या आवृत्तीत आहे. गांधीजींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात या भाषणावर टीका केली. आंबेडकरांनी ती टीका आणि आपलं उत्तर दोन्ही १९३७ च्या आवृत्तीत छापलं. गांधीजींचा एक मुद्दा असा की धर्म त्याच्या वाईट नमुन्यांवरून जोखू नये, उत्तम नमुन्यांवरून जोखावा. आणि त्या यादीत चैतन्य, तिरुवल्लुवर यांच्यासोबत ज्ञानदेव आणि तुकाराम येतात. इथे मी पुस्तक मिटायला लावते. "आंबेडकर याला काय उत्तर देतील? पाच वाक्यं लिहा, मराठीत चालेल."

ज्यांच्या घरात वारी आहे त्या मुली तुकारामांचं नाव आलं की गप्प बसत नाहीत. एकीने लिहिलं की आंबेडकर संतांना वाईट म्हणणारच नाहीत, म्हटलं तर आमच्यासारखे पुढे वाचणार नाहीत. दुसरीने लिहिलं की ते म्हणतील, वारीत सगळे समान असतात, पण वारी संपल्यावर काय? मग खरं उत्तर उघडतो. आंबेडकर म्हणतात की संतांनी माणसामाणसातली समता शिकवली नाही, देवापुढची समता सांगितली, आणि ती सांगणं कुणालाच अवघड गेलं नाही. दुसरी मुलगी बाकावरून उठलीच. तिचं उत्तर जवळपास तेच होतं आणि तिने ते वाचण्याआधी लिहिलं होतं.

उत्तर आधी लिहिल्याचा फायदा असा की खरं उत्तर वाचताना प्रत्येक जण स्वतःचं घेऊन बसलेला असतो. कुठे जुळलं, कुठे चुकलं, कुठे आपलंच बरं होतं. होय, "माझं उत्तर बरं आहे" म्हणणारीही निघते, आणि मी तिला ते सिद्ध करायला लावते.

लिहितात मराठीत, मग इंग्रजीत. विचार मराठीत बसल्याशिवाय इंग्रजी मागितलं की इंटरनेटवरची समरी येते.

---

जुना_बाक

निवृत्त मराठी शिक्षक, कराड. दोघांचंही वाचलं. चांगलं चाललंय. पण शुद्धलेखनाबद्दल कुणीच बोललेलं नाही. 'पानी', 'आनि', 'लोनी' लिहिणाऱ्या मुलाला फुल्यांच्या वाक्यातला कर्ता सापडला तरी काय उपयोग? पाया कच्चा ठेवून माडी बांधू नका. आमच्या वेळी पाच चुका झाल्या की निबंध परत.

कवितेबद्दल एक सांगतो. मर्ढेकर मूळचे मर्ढे गावचे, म्हणजे आपल्या साताऱ्याचे, पण शिकवायला निघालं की शिक्षकच दचकतात. पिपातल्या मेलेल्या उंदरांची कविता मी अर्थ न विचारता शिकवायचो. कवितेत काय काय आहे त्याची यादी करा, बस. पीप, उंदीर, माना, ओठ, डोळे. मग, कोण काय करतंय? एका पोराने विचारलं, "गुरुजी, मुरगळल्याशिवाय माना पडल्या म्हणतोय, मग मारलं कुणी?" मी म्हटलं, हा प्रश्न वहीत लिही आणि खाली बस. यंत्रयुगातल्या माणसाची वैफल्यग्रस्तता वगैरे शब्द त्या तासाला मी येऊ दिले नाहीत. त्या एका प्रश्नावर तास गेला.

---

उरमोडी

गुरुजी, मर्ढेकरांचा तास बसायला हवा होता! पण पाच चुकांना निबंध परत, यावर माझं तुमच्याशी पटत नाही. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडचं पोर घरी बोलतं तसं लिहितं. त्याच्या पहिल्या कच्च्या लिखाणावर लाल पेन फिरवलं की पुढच्या वेळी ते फक्त त्याला शुद्ध लिहिता येणारी वाक्यं लिहितं, म्हणजे गाइडमधली. मी शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यावर बघते, आणि तिथे मात्र सोडत नाही.

---

जुना_बाक

शेवटच्या खर्ड्यावर का होईना, बघता ना? मग ठीक आहे. आमच्याकडे दुसरा खर्डा नावाची गोष्टच नव्हती.

---

माणदेशी_पोर

नमस्कार. मी विद्यार्थी आहे, असूड वाचलेला. धागाकर्ते सर माझेच सर आहेत का माहीत नाही, पण पद्धत तीच वाटते 😅

खरं सांगतो, पहिले दोन आठवडे लई बोअर झालं. क्रियापद शोधा, क्रियापद शोधा. आम्ही काय पाचवीत आहे का, असं वाटायचं. मग पाचव्या प्रकरणावर आलो. त्यात फुले सरकारला उपाय सुचवतात आणि म्हणतात की वळवाचं पाणी शेतातून मुरून मग ओढ्या-नदीला मिळावं असे तालीसारखे बंधारे जागोजाग घाला. मी वाचता वाचता थांबलो. आमच्या रानात ताली आहेत, म्हणजे पाणी अडवायला घातलेले बांध. पणजोबाने घातलेल्या. आजा अजून उन्हाळ्यात त्यांची डागडुजी करतो. १८८३ च्या पुस्तकात आमच्या रानातली गोष्ट असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

मी लिहिलं की फुल्यांनी पाणलोटाचं काम दीडशे वर्षं आधी ओळखलं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या वेळू गावाने २०१६ ला वॉटर कप (गावांची पाणी अडवण्याच्या कामाची स्पर्धा) जिंकला, २०१८ ला आमच्या माणमधल्या टाकेवाडीने, तेच फुल्यांनी सांगितलं होतं, असं. मला वाटलं भारी झालंय. सरांनी खाली एकच ओळ लिहिली: "फुल्यांच्या वाक्यात काम कोण करतंय?" मी परत वाचलं. लष्करातले आणि पोलिसातले रिकामे शिपाई करतात! काळे गोरे दोन्ही. आणि वर म्हणतात की त्यांना मोकळ्या हवेत काम करायची सवय लागली तर त्यांचीच तब्येत चांगली राहील.

मग माझा अख्खा निबंध उलटा झाला.

---

फळ्यामागे

माणदेशी_पोर, मी तुझा सर आहे की नाही हे इथे सांगत नाही. पण असा निबंध माझ्याकडे आहे आणि त्याचे टप्पे इथे ठेवण्यासारखे आहेत, कारण तासिका_तत्त्व यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात थोडंसं आहे.

पहिला खर्डा: 'महात्मा फुले यांनी शेतकऱ्यांच्या पाणीप्रश्नावर मोलाचे मार्गदर्शन केले आहे.' नाव बदलायच्या चाचणीत बाद.

दुसरा: 'फुल्यांनी सांगितलेले बंधारे आज आपण श्रमदानाने बांधत आहोत.' हे वाक्य पुस्तकाशी बांधलेलं आहे, म्हणून खोडता येत नाही. पण पुस्तकाशी ताडून पाहिलं की चुकीचं निघतं. मला असं चुकीचं वाक्य पहिल्या खर्ड्यातल्या बरोबर वाक्यापेक्षा शंभर पटीने हवं असतं, कारण त्याच्यावर काम करता येतं.

तिसरा: 'आमच्या भागात बंधारे गावकऱ्यांच्या श्रमदानातून झाले आणि त्याचं कौतुक होतं. फुले मात्र शेतकऱ्याकडून फुकट श्रम मागत नाहीत. सरकारचा पगार खाणाऱ्या शिपायांनी हे काम करावं असं ते म्हणतात.'

हा खर्डा वर्गात वाचला तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "शिपायांचा पगार तरी येतो कुठनं? शेतकऱ्याच्याच साऱ्यातनं ना?" म्हणजे शेतकऱ्याने पैसे आधीच भरलेत, आता सरकारने काम करून द्यावं, असा तो हिशेब आहे का? लेखक पुन्हा पुस्तकाकडे गेला, सारा आणि पट्ट्यांबद्दल फुले कुठे कुठे बोलतात ते शोधायला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. चौथ्या खर्ड्यात श्रमदानाचं कौतुक कायम ठेवून त्याने विचारलं होतं की जे काम फुल्यांना सरकारचं कर्तव्य वाटत होतं ते आपण कधीपासून आणि का गावावर टाकलं. याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. तसं त्याने लिहूनही टाकलं.

माझ्या मते वर्गात वाक्यातला 'कोण करतंय' शोधायचा कंटाळवाणा सराव इथे कामाला आला.

---

भडंगप्रेमी

मूळ सांगली, सध्या पुण्यात आयटी. छान चर्चा, पण चॅटजीपीटीचं काय? माझी पुतणी बी.ए.ला आहे. असाइनमेंट मिळाली की फोटो काढते, दोन मिनिटांत उत्तर, वहीत उतरवते. अक्षर सुंदर. चौथा खर्डाही काढून देईल ते.

---

हळदगाठ

देईल की. म्हणून पहिला खर्डा मी वर्गातच घेते, पुस्तक उघडं, फोन बॅगेत. वीस मिनिटं, हाताने, जे होईल ते. पुढचे खर्डे घरी कसेही करा, पण वर्गातल्या पहिल्या कागदाला टाचून द्या. कुठून कुठे गेलीस ते मला दिसतं.

आणि खरं सांगू, फळ्यामागे सरांची नाव बदलायची चाचणी या यंत्राच्या उत्तरांना लावली की मोठी गंमत येते. तिथेही 'मोलाचे विचार'च येतात, फक्त मराठी गाइडपेक्षा गुळगुळीत. मी एकदा वर्गातच उत्तर काढून फळ्यावर लिहिलं आणि मुलींना खोडायला लावलं. त्यांनी मोठ्या आनंदाने खोडलं. त्यात पुस्तकातलं म्हणून दिलेलं एक वाक्य पुस्तकात नव्हतंच. ते शोधायला सगळ्यांनी सगळं प्रकरण चाळलं, तेही आमच्या पथ्यावर.

---

घाटमाथा

एक विचारतो, कुणी भडकू नका. असूडाचं पहिलं प्रकरण वर्गात कसं घेता? त्यातली भाषा एका समाजाबद्दल जी आहे ती आज वर्गात मोठ्याने वाचायची? वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात. उगाच तेढ. त्यापेक्षा पाण्याबिण्याचं पाचवं प्रकरण घ्यावं, बाकी सोडून द्यावं.

---

संपादक मंडळ

या प्रतिसादावर आलेले दोन उपप्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. शिकवण्याच्या विषयाला धरून लिहावे.

---

फळ्यामागे

घाटमाथा, प्रश्न रास्त आहे. सोडून मात्र देत नाही. पाचव्या प्रकरणातल्या मागण्या कशापोटी आल्या ते पहिल्या चार प्रकरणांत आहे. नुसतं पाचवं घेतलं तर फुले म्हणजे कृषी खात्याचं पत्रक होतील.

पहिलं प्रकरण मी क्रम ठरवून घेतो. आधी फक्त नोंद: जन्माच्या आधीपासून मरणानंतरपर्यंत कुठकुठल्या प्रसंगी ब्राह्मण भटजी शेतकऱ्याकडून काय घेतात असं फुले म्हणतात, त्याची यादी. मग प्रत्येक नोंदीपुढे, त्यांनी नुसतं विधान केलंय की तपशील दिलाय. या दोन गोष्टी लिहून झाल्याशिवाय 'मला काय वाटतं' हे कुणीच बोलायचं नाही, बाजूने असो वा विरुद्ध. चिडलेल्यालाही यादी करावी लागते आणि टाळ्या वाजवणाऱ्यालाही. तोवर आवाज बराच खाली आलेला असतो.

माझ्या एका वर्गात भिक्षुकी करणाऱ्या घरातला मुलगा होता. त्याने लिहिलं की फुले पैशाचा आणि प्रसंगांचा हिशेब देतात तिथे मला मान्य करावं लागतं, पण अख्ख्या जातीच्या स्वभावाबद्दल सरसकट बोलतात तिथे मान्य नाही. दोन्हींच्या ओळी त्याने उतरवल्या होत्या. त्याच्या शेजारी बसणाऱ्याने त्याला लेखी उत्तर दिलं की ज्याच्यावर वेळ आली तो मोजून मापून बोलत नसतो. दोन्ही कागद मी वर्गात वाचले. वर्गात तेढ झाली नाही. स्टाफरूममध्ये थोडी झाली, ती वेगळी गोष्ट.

---

उरमोडी

स्टाफरूमसाठी वेगळा धागा काढा. 😄

तपासणीच्या ढिगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते. सगळे कागद मी दर वेळी तपासत नाही. दर आठवड्याला एका रांगेचे नीट वाचते, बाकीच्यांचे जोडीदाराने वाचायचे आणि खाली एकच गोष्ट लिहायची: कुठलं वाक्य पटलं नाही आणि का. 'छान लिहिले आहे' लिहिलं तर जोडीदाराचा एक गुण कमी. सत्र संपेपर्यंत सगळ्या रांगा होतात. मुलं माझ्यापेक्षा एकमेकांना जास्त घाबरतात, त्याचा फायदा.

---

तासिका_तत्त्व

बरं. पुढच्या सत्रात दुपारच्या कॉलेजात दोन तास काढतो, जास्त नाही. त्या कॉलेजच्या ग्रंथालयात असूडाची एकच प्रत आहे आणि तिची पानं सुटलीत. दोन तासांत होईल असा एकच उतारा सांगा. झेरॉक्स माझ्या खिशातून, तेव्हा एका पानात बसला पाहिजे.

---

फळ्यामागे

पाचव्या प्रकरणातला बंधाऱ्यांचा उतारा घ्या, एका पानात बसतो. वाळव्याची मुलं म्हणजे उसाची आणि नदीकाठची. माणच्या पोराला जे दिसलं ते त्यांना दिसणार नाही, काहीतरी वेगळं दिसेल. पहिल्या तासाला तीनदा मोठ्याने वाचन आणि करणारा शोधणं, अर्थ तुम्ही सांगायचा नाही. दुसऱ्या तासाला वीस मिनिटं लेखन, प्रश्न एवढाच: 'या उताऱ्यात फुले कुणाकडे काय मागतात, आणि ती मागणी आज तुमच्या गावात कुणाकडे कराल?' मग जोडीदाराचं वाचन, उरमोडी मॅडमच्या नियमाने. घरी तपासायला काही नेऊ नका.

प्रत चांगली हवी असेल तर महाराष्ट्र शासनाने काढलेलं फुले समग्र वाङ्मय बघा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या ग्रंथालयांत मिळतं. नाही मिळालं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पानाचा फोटो पाठवतो.

---

तासिका_तत्त्व

व्यनि केलाय. फोटो सरळ काढा, मागच्या वेळी कुणीतरी पाठवलेला अर्धा अंगठाच होता.